इयत्ता नववी, तुकडी ब, पद : सीईओ

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या, बेळगावकडच्या एखाद्या मराठी हायस्कुलात मुलांना सामाजिक उद्योजकता आणि संवादकौशल्य शिकवायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर आधी अभिनंदन. दहावीला हात लावू नका. ती मुलं बोर्डाच्या परीक्षेची मालमत्ता आहेत. आठवी-नववी घ्या, तिथं वेळ असतो, निदान तसा समज आहे. खाली सांगितल्याप्रमाणे वागलात तर वर्ष संपायच्या आत प्रमाणपत्रं छापून होतील, आणि एकाही मुलाला काही विकता येणार नाही याची हमी आमची.

सुरुवात जुलैत करा आणि पहिला उपक्रम म्हणून रद्दीच्या कागदी पिशव्या घ्या. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं त्या महिन्यात अंथरूणसुद्धा वाळत नाही. तिथं मैद्याची खळ लावलेला कागद वाळेल ही तुमची श्रद्धाच मुलांना प्रेरणा देईल. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर बुरशी धरत नाही, पण ते विषारी, म्हणून त्या पिशवीत खायची वस्तू घालता येत नाही. नाही घातलं तर आठ दिवसांत पिशव्यांना वास आणि मागोमाग झुरळं. शिवाय छापील रद्दीत खाद्यपदार्थ बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतंच. उरला कोण, तर औषध दुकानदार, आणि त्याला कंपनीच्या जाहिरातीची पाकिटं फुकट मिळतात. हे सगळं पाचशे पिशव्या चिकटवून झाल्यावर कळलं पाहिजे. आधी चार दुकानांत जाऊन विचारलंत तर उपक्रमातली मजाच जाईल.

अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ‘भोवतालची समस्या शोधा’ असं लिहिलेलं असतं. मुलं खरंच शोधायला लागली तर पंचाईत. एखादी मुलगी उठून सांगेल, सर, शाळा सुटल्यावरची बस भरून येते आणि आमच्या फाट्यावर थांबतच नाही. २०२३ च्या जूनपासून सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण न थांबणाऱ्या बसचं तिकीट माफ होऊन करायचं काय? ही समस्या जागच्या जागी खोडून काढा. तिच्यावर काम करायचं म्हणजे मुलांना दोन आठवडे फाट्यावर वही घेऊन उभं राहावं लागेल : कुठली बस, किती वाजता आली, थांबली का, मागं किती जण राहिले. मग त्या तक्त्यावरून आगार व्यवस्थापकांना एका पानाचा अर्ज, तोही कन्नडमध्ये, म्हणजे कन्नडच्या बाईंना स्टाफरूममधून उठवणं आलं. मागणी एकच, मोजता येण्यासारखी : पावणेपाचची गाडी फाट्यावर थांबवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा आणि पंधरा दिवसांनी तो दाखवून पुन्हा विचारायला जायचं. यात फोटो काय निघणार? त्यापेक्षा जागतिक तापमानवाढ घ्या. ती कुणाच्याच फाट्यावर थांबत नाही.

गट सहा-सात जणांचे करा आणि पदं लगेच वाटून टाका : सीईओ म्हणजे प्रमुख, सीएफओ म्हणजे हिशेब बघणारा, मार्केटिंग हेड. निवड टक्केवारीवर. वर्गात एखादा पोरगा पहाटे डेअरीला दूध घालून शाळेत येतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लागलं की दर काय बसतो, पॉइंट उतरला की किती कापतात, पेंडीचं पोतं महागलं की महिन्याचं गणित कुठं फाटतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. निपाणीकडची एखादी मुलगी आईजवळ बसून हजार विड्यांचा दर आणि छाटात गेलेल्या, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या यांचा मेळ लहानपणापासून घालत आलेली असते. या दोघांना बाकं हलवायला सांगा. ‘कॅश फ्लो’ हा शब्द त्यांनी ऐकलेला नसतो. तुम्ही तो इंग्रजी स्लाइडवर बाण काढून समजावलात की आपल्याला यातलं काही कळत नाही अशी त्यांचीही खात्री पटते. सीएफओ अर्थातच गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा. त्यानं आजवर दुकानातून सुटे पैसे मोजून आणलेले नसले तरी चालेल.

कागदी पिशव्या बुरसटल्या की कापडी पिशवीकडं वळा. विषय आयता आहे : कर्नाटकात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी २०१६ पासून, देशभर एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. बाजारात काय चालतं ते बघायला मुलांना पाठवू नका, भाषणाचा जोर जाईल.

पिशवीचं माप मात्र नीट सांगतो, कारण इथं चूक करायला भरपूर वाव आहे. ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) मांजरपाट, म्हणजे साधं सुती कापड, घ्या. एका मीटरमध्ये, म्हणजे साधारण ३९ इंचांत, १५ इंचांचे दोन तुकडे निघतात. तुकडा मधोमध दुमडायचा, दोन्ही बाजू शिवायच्या, तोंडाला दोन इंच दुमड घालायची. १४ बाय १६ ची पिशवी तयार. उरलेल्या नऊ इंचांच्या पट्टीत दोन्ही पिशव्यांचे चार बंद बसतात. कापड आधी रात्रभर भिजवून वाळवायचं असतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि वर छापलेलं ‘वसुंधरा वाचवा’ सुरकुततं. म्हणून भिजवू नका. बंदाच्या टोकाला चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारावी लागते. त्याऐवजी एकच आडवी टीप मारा. पाच किलो रताळी भरली की बंद हातात राहतो आणि रताळी बेळगावच्या गणपत गल्लीत. पाच किलो वजन घालून पिशवी रात्रभर खिळ्याला टांगून ठेवली तर हे घरीच कळतं, पण मग उद्घाटनाची तारीख पुढं ढकलावी लागते आणि पाहुणे तर ठरलेले असतात.

आता किंमत. समजा मांजरपाट मीटरला ६० रुपये, म्हणजे पिशवीला कापड ३०. शिलाई १०. दोरा आणि छपाई ५. आणण्या-नेण्याचं भाडं २. झाले ४७. वाया जाणारी दहातली एक पिशवी धरली तर विकण्यालायक पिशवी बावन्नच्या पुढं जाते. मुलांना विचारा, किंमत किती ठेवायची? ती म्हणतील ४०, कारण ‘सामाजिक’ आहे. शाबासकी द्या. शंभर पिशव्या विकल्या की ४००० रुपये येतात. ते ‘उलाढाल’ म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. प्रत्येक पिशवीमागं किमान सात रुपये गेले हे कुणी विचारणार नाही, कारण कापड एका दानशूर व्यापाऱ्यानं दिलेलं असतं आणि शिलाई मुलांच्या आयांनी घरी बसून फुकट केलेली असते. पहिल्याला ‘देणगी’ आणि दुसऱ्याला ‘लोकसहभाग’ म्हणायचं. म्हणजे ४००० रुपये निव्वळ नफा! पुढच्या वर्षी व्यापाऱ्यानं कापड दिलं नाही की उद्योग बंद. तोवर तुमची बदली झालेली असेल.

दिवाळीच्या तोंडावर पणत्यांचा पर्यायही आहे. खानापूरच्या कुंभाराकडून पणती दोन रुपयांना घ्यायची, मुलांनी चमकी लावायची, पालकांना पंधराला विकायची. अहवालात कुंभाराला ‘लाभार्थी’ लिहायचं. दोनाचे तीन रुपये त्याला मिळाले का, हा प्रश्न उद्योजकतेच्या तासाला अप्रस्तुत आहे.

प्रेरणेसाठी लिज्जत पापडाचं नाव घ्याच. १९५९ साली मुंबईत सात बायकांनी ८० रुपयांवर सुरुवात केली, इथपर्यंतच सांगा. ते ८० रुपये उसने होते, फेडले, आणि देणगी घ्यायची नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, हे सांगू नका. वर्गातलं एखादं आगाऊ पोर आपल्या मांजरपाटाबद्दल विचारेल. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचीही तीच गत. १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं, गरिबांवर मोफत शस्त्रक्रिया होतात, एवढं पुरे. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पैसे घेतात आणि त्यातून मोफतचा खर्च निघतो, हा भाग वगळा. वगळला की सामाजिक काम म्हणजे फुकट वाटप, असं मुलांच्या मनावर कायमचं ठसतं.

पैसे शिक्षकांच्या फोनवर घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवायची मुभा दिली आहे, पण मुलांच्या हातात पासबुक आलं की ती शिल्लक बघतात. वाईट सवय.

संवादकौशल्याचा तास इंग्रजीतच हवा. तज्ज्ञ पुण्याहून किंवा बेंगळुरूहून मागवा. ‘आय कॉन्टॅक्ट’, ‘बॉडी लँग्वेज’, हात कुठं ठेवायचे, एवढ्यात दोन तास जातात. आता इथल्या पोराचा प्रश्न असा, की ते आठवडी बाजारात आजीबरोबर बसलं की एका गिऱ्हाइकाला ‘घ्या की ओ मावशी, घरचीच हाय’ म्हणतं, पुढच्याला कन्नडमध्ये ‘तगोळ्री, छलो अदाव’ म्हणतं, तिसऱ्याला हिंदीत भाव सांगतं आणि मधल्या मधे आजीला मराठीत विचारून घेतं, ‘दोन रुपये सोडू काय?’ हे कौशल्य संवादात मोडत नाही. तज्ज्ञांसमोर तेच पोर ‘माय नेम इज’च्या पुढं सरकत नाही. मग तुम्ही हळहळून म्हणायचं, ‘आत्मविश्वासच कमी हो, ग्रामीण भाग ना!’

साठ सेकंदांत कल्पना मांडायची स्पर्धा ठेवा. मराठीत मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द सावकाश बोलून होतात. त्यातले ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ यात दहा सेकंद जातात. कवितेच्या दोन ओळींत आणखी दहा. ‘प्लास्टिक हा मानवजातीला लागलेला शाप आहे’ इथं घंटा होते. कुणाची अडचण, आम्ही काय करतो, किती रुपयांना, आणि तुमच्याकडून काय हवं, ही चार वाक्यं पन्नास शब्दांत बसतात. नेमकी तीच राहून जातात. पाठांतर मात्र खणखणीत.

गिऱ्हाइकाशी बोलायला पाठवणारच असाल तर छापील प्रश्नावली द्या. पहिला प्रश्न : ‘पर्यावरणपूरक पिशवी तुम्हाला आवडेल का?’ शंभरातले शंभर ‘हो’ म्हणतात, कारण दारात गणवेशातली दोन मुलं उभी असतात आणि ‘नको’ म्हणायला माणूस दगडाचा लागतो. तक्ता करा, पाय चार्ट काढा, बाजारपेठ सिद्ध झाली. ‘मागच्या आठवड्यात बाजार कशात भरून आणला? ती पिशवी किती दिवस टिकली? तिला पैसे किती दिले?’ असं चुकूनही विचारू नका. लोक खरं सांगायला लागतात. कळतं की प्रत्येक घरात दाराआड लग्नात मिळालेल्या आठ पिशव्या लटकतायत, आणि बाजाराला निघताना त्या न्यायची आठवण राहत नाही. म्हणजे लोकांची अडचण विसरण्याची आहे आणि तुम्ही नववी पिशवी शिवून बसलाय. शंभर पिशव्यांची शिलाई झाल्यावर हे ऐकणं कुणाला परवडतं? किंमत सांगून झाल्यावर गप्प राहायलाही शिकवू नका. ‘चाळीस रुपये’ म्हटल्याबरोबर मुलानं घाबरून स्वतःच ‘तीसला घ्या’ म्हणावं, यालाच लवचिकता म्हणतात.

स्टॉलचा फ्लेक्स संपूर्ण इंग्रजी करा. कर्नाटकात व्यापारी पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा २०२४ चा कायदा आहे, त्यामुळं वाटेत कुणीतरी हटकण्याची सोय होते. मराठीही नको, भाजी घ्यायला आलेल्या बाईला स्टॉल कशाचा आहे ते कळलं तर ती थांबेल.

अंतिम सोहळा शाळेच्या सभागृहात, बाजारापासून लांब. परीक्षक तीन, त्यांतला एक उशिरा येणारा. गुण सादरीकरणाला ४०, नावीन्याला ३०, वेशभूषा आणि शिस्तीला ३०. ‘किती विकलं आणि हिशेब जुळला का’ याला गुण ठेवलेत तर निकाल उलटापालटा होईल आणि तो दूधवाला पोरगा पहिला येईल. पालक काय म्हणतील?

अहवाल त्याच रात्री लिहा. विद्यार्थी १२०, उद्योग २०, कार्यशाळा ६, आणि अभिप्रायाच्या अर्जावर हसऱ्या चेहऱ्याला खूण करणारे सगळे, कारण अर्ज नाश्त्याच्या कुपनाला टाचलेला होता. न खपलेल्या पिशव्यांचा आकडा नको. त्या साठ-सत्तर पिशव्या कपाटात नीट घड्या घालून ठेवा, डांबरगोळ्या टाकून. पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या सत्काराला लागतील. १४ बाय १६ मध्ये शाल आणि नारळ आरामात बसतो, फक्त खालून हात धरायला सांगा.