ब्रेक ऑइल टाका, लाइन कशाला बदलता?

जुनी पिकअप बाळगणाऱ्या मालकांना पहिला सल्ला असा, की ती स्वतः चालवू नये. काटोल-नरखेडकडून संत्र्याचे कॅरेट भरून नागपूरच्या कळमना बाजारात आणणं हे ड्रायव्हरचं काम. आपण धरमपेठेत बसून फोनवर "कुठपर्यंत आला बे?" एवढंच विचारायचं. हे जमलं की गळक्या ब्रेक लाइनचा, म्हणजे ब्रेक ऑइल चाकांपर्यंत नेणाऱ्या नळीचा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला निम्मा म्हणजे ड्रायव्हरचं तोंड. तो एक दिवस म्हणणारच, "मालक, ब्रेक खाली जाऊन राहिला." तुम्ही म्हणा, "तू जोरात काहून दाबतो?" मागच्या चाकाच्या आतून ओघळ आलेला त्याने दाखवलाच, तर "काल गाडी धुतली ना, पाणी असंल" म्हणून मोकळं व्हा. ब्रेक ऑइल पाण्यासारखं वाळत नाही आणि जिथे सांडतं तिथला रंग सोलून काढतं, हे त्याला सांगत बसू नका.

मग ब्रेक ऑइलचा डबा आणून गाडीत ठेवून द्या. पातळी उतरली की ओत, उतरली की ओत. डब्याचं झाकण सैल असलं तरी हरकत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाणी फुकट मिळतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द १४० पर्यंत घसरू शकते. मे महिन्यात भरल्या गाडीला शहरातल्या गर्दीत ब्रेक मारून मारून चाकं तापली, की नळीत वाफ होते. वाफ दबते, मग पेडलही मऊ लागतं. ड्रायव्हरच्या पायाला तेवढाच आराम. डबा संपलाच तर इंजिन ऑइल ओतायचा मोह होईल. अवश्य ओता. पेडल दाबलं की ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरमधली रबरं फुगून बसतील आणि नुसत्या नळीवर भागलं असतं तिथे सगळी किट बदलायचा मान मिळेल.

मिस्त्री निवडताना मात्र जपा, कारण एखादा शहाणा निघू शकतो. तो गाडीखाली सरकेल, चेसिसला नळी धरून ठेवणाऱ्या क्लिपा उचकटेल आणि बागेतली काळी माती तिथेच साचून नळी कशी सडली ते बोटाने दाखवेल. वर म्हणेल, "भाऊ, एका जागी फुटली म्हणजे बाकीची पण त्याच वयाची हाय. पूर्ण लाइन टाका." त्याला स्टीलची किंवा तांबं-निकेलची नळी लागेल, तोंडाला कड दोनदा दुमडून पसरवलेला दुहेरी फ्लेअर लागेल, आणि शेवटी मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून चारही चाकांच्या ब्रेक नळ्यांतली हवा काढायला पेडलवर एक माणूस लागेल. दाब, धर, सोड. यात अख्खा दिवस गाडी उभी राहते, आणि तीही ऐन सीझनमध्ये! नळीचे पैसे कोणालाच जड नाहीत हो, तो उभा दिवस जड आहे. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

आपला माणूस वेगळा. तो सडका तुकडा कापून मध्ये रबरी नळी सारतो आणि दोन क्लिपा आवळतो. जोरात ब्रेक मारला की तिथे टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब येतो, पण क्लिपा नव्या आहेत. दुसरा एक कलाकार फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी बसवतो. ती हाताने वळते, सुंदर दिसते आणि हादरे खाऊन खाऊन कडक होत एक दिवस तडकते. तिसरा तर थेट तत्त्वज्ञ. तो मागची लाइन दुमडून, हातोडीने ठोकून बंदच करून टाकतो. खरंच आहे, कंपनीने ब्रेकची दोन सर्किटं दिलीत ती कशासाठी? एक गेलं तर दुसरं असतं. म्हणजे दुसरं चालू असेपर्यंत पहिलं फालतूच. मागे टनभर संत्री आहेत, पुढच्या अॅक्टिव्हावर एक ताई पोराला शाळेत सोडायला निघाल्यात, ही चिंता वर्धा रोडच्या सिग्नलची. त्याने वेळेवर हिरवं व्हावं.

गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी लागतं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी डिझेलच्या फडक्याने खालून सगळं चकाचक पुसा. एक रात्र तरी नळी कोरडी दिसते.

एवढं करूनही ड्रायव्हर काम सोडून गेला, तर गाडी विकायची वेळ झाली असं समजा. शहराची इडापिडा न्यायला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, गाडीची पिडा न्यायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. खेड्यातलं, पहिलीच गाडी घेणारं बघा. टेप मोठ्याने लावा, हौदा रंगवून ठेवा. तो चालवायला बसायच्या आधी तुम्ही आत बसून पेडलला तीन-चार पंप मारा. नळीत हवा असली तरी घटकाभर ब्रेक कडक लागतो. मग चावी त्याच्या हातात द्या, "एक चक्कर मारून या भाऊ, लोण्यावानी चालते" म्हणा, आणि शेजारी बसायचा आग्रह झाला तर गुडघा दुखतो म्हणून सांगा.