सोनं तिजोरीत, बिल डॉलरमध्येच

'मध्यवर्ती बँका सोनं साठवतायत, म्हणजे व्यापारातून डॉलर हद्दपार होणार' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. साठा कशात ठेवायचा आणि बिल कशात फाडायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2022 मध्ये रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. मॉस्कोतल्या सोन्याला मात्र कुणी हात लावू शकलं नाही. बाकीच्यांनी धडा घेतला तो एवढाच. आपल्याला तर 1991 आठवतंच, सोनं विमानाने परदेशी गहाण गेलं होतं. रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये इंग्लंडहून 100 टन सोनं परत आणलं, ते बरंच केलं.

पण व्यवहाराला चलन फिरतं लागतं. जुलै 2022 पासून रुपयात आयात-निर्यातीची सोय झाली. रशियाचं तेल आपण भरपूर घेतलं, रशियाने आपल्याकडून त्या मानाने फारच थोडं. मे 2023 मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात येऊन म्हणाले, अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत, वापरता येत नाहीत! माझं कोल्हापुरात कास्टिंगचं छोटं युनिट आहे. दुबईच्या ग्राहकाला गेल्या वर्षी रुपयात बिल घ्या म्हटलं, तर तो हसला. 'फार तर दिरहॅममध्ये देतो' म्हणाला. आता दिरहॅम, म्हणजे दुबईचं चलन, 1997 पासून डॉलरलाच बांधलेला, एका डॉलरला 3.6725. म्हणजे नाव बदललं, गाडी तीच. त्याने माझ्याकडून घ्यावं तसं मीही त्याच्याकडून काही घेत असतो, तर गोष्ट वेगळी होती.