बोचकं नको, निवडू द्या

गरजू कुटुंबांना कपडे-भांडी मोफत देणारं केंद्र बेळगावात हवं, असं एका लेखात वाचलं, ते पटलं. पण बोचकं बांधून काहीही देऊ नका, ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. चिकोडी, निपाणीकडच्या नदीकाठच्या गावांत घरं पाण्याखाली गेली, तेव्हा लोकांना लागत होती पातेली, तवा, चादरी, बायकांना परकर. (साडी सगळे देतात, परकर कुणाला सुचतच नाही!) बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. तिथं जाड जीन्सपेक्षा ताडपत्री आणि घोंगडं कामाचं. कपडे धुऊन, मापाप्रमाणं लावून ठेवा, घेणाऱ्याला स्वतः निवडू द्या. आणि वाटपाचे फोटो काढू नका की हो! पोरं इथल्याच शाळेत जातात, कुणाचा शर्ट कुणाच्या अंगावर आहे ते लगेच कळतं. बोर्ड मात्र मराठी-कन्नड दोन्हीत लावा.