शंभर वर्षांचं वैर मोडीत कसं काढावं

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या क्रीडासंचालकपदी तुमची नेमणूक झाली असेल, तर आधी अभिनंदन. तुमच्याकडे आता लाखभर माणसं बसतील असं मैदान आहे. राज्याच्या गव्हर्नरच्या कित्येक पट पगार घेणारा अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक आहे. शिवाय तास-दीड तासाच्या अंतरावर एक शेजारी विद्यापीठ आहे, ज्याच्याशी तुमचं पणजोबांपासूनचं वैर आहे. अगदी बांधाला बांध. दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आगेमागे, दोघं एकमेकांना मैदानात लोळवतात आणि उरलेलं वर्ष एकाच ऑफिसात, एकाच घरात, क्वचित एकाच पलंगावर सुखाने टोमणे मारत काढतात. अशी सोन्यासारखी जमीन पडीक ठेवणं बरं नव्हे. ती विकायची कशी, ते सांगतो.

विकायची मुभा कोर्टानेच दिली आहे. १९८४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॉलेज फुटबॉलच्या टीव्हीचे हक्क एनसीएए या कॉलेज खेळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या मुठीतून सोडवले. त्या खटल्यात ओक्लाहोमा विद्यापीठ पुढे होतं. त्याच ओक्लाहोमाने पुढे टेक्ससला सोबत घेऊन बिग ट्वेल्व्ह ही आपली कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडली आणि एसईसी ही दुसरी कॉन्फरन्स गाठली. वर्षभर आधी सुटका व्हावी म्हणून दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजले. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातली 'बेडलम' ही लढत १९१० पासून एकही वर्ष चुकली नव्हती. ४ नोव्हेंबर २०२३ ला ती बंद पडली. शेवटच्या सामन्यात शेजाऱ्याने २७-२४ असं हरवलं, एवढी एक चूक झाली. घर सोडताना निदान जिंकून तरी निघावं.

चाहते विचारतील, कॉन्फरन्स वेगळी झाली तर झाली, सामना का बंद? त्यांना हिशेब मांडून दाखवा. मोसमात सामने १२. समजा, तुम्ही बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेलात, तर त्यातले ९ आपापसात. राहिले ३. त्यात एखादी दुबळी टीम मानधन देऊन घरी बोलवायची, मार खायला. बाकीच्या तारखा दहा-दहा वर्षं आधीच देऊन झालेल्या असतात. शेजाऱ्याला बसवायचं कुठे? हा हिशेब खरा आहे, म्हणूनच उपयोगी आहे. तो असा व्हावा ही तजवीज कोणी केली, हे कोणी विचारत नाही.

नावाची काळजी करू नका. बिग टेनमध्ये आज १८ विद्यापीठं आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १६. मध्यंतरी काही वर्षं तर बिग टेनमध्ये १२ होती आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १०, तरी पाट्या अदलाबदल करण्याचं कोणाला सुचलं नाही. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात. डॅलसचं एसएमयू हे विद्यापीठ त्यांच्याबरोबरच आत शिरलं, तेही नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मागणार नाही असं कबूल करून. मुलगी द्या, वर हुंडाही आम्हीच देतो, अशातली गत. पण एसएमयूचे माजी विद्यार्थी गडगंज आहेत. तुमचे नसतील तर ही उडी मारू नका.

निघताना शेवटच्या दिवसापर्यंत 'आपण सगळे एक आहोत' म्हणत राहा. पॅक-ट्वेल्व्ह या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सची मोडतोड अभ्यासण्यासारखी आहे. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, फुटून बिग टेनकडे निघाली. पुढच्या वर्षी कोलोरॅडो गेलं आणि ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवसात आणखी पाच. पंगतीत शेवटी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच पानं उरली. २०२५ च्या मोसमात ही दोघं एकमेकांशीच दोनदा खेळली. वैर टिकवण्याचा हाही एक मार्ग आहे.

यूसीएलए आणि बर्कली यांचं नियामक मंडळ एकच. धाकट्याने घर सोडलं म्हणून थोरल्याचं नुकसान झालं, तेव्हा मंडळाने ठरवलं की यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर द्यावेत. तिकडे लोकांनी याचं नाव ठेवलं 'कॅलिमनी'. आपण सरळ पोटगी म्हणू. अंदाजपत्रकात तिच्यासाठी आधीच एक ओळ मोकळी ठेवा.

वैर एकदम मारायला मन धजत नसेल, तर त्याची तारीख हलवा. ही युक्ती फार सुबक आहे. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा ॲपल कप नोव्हेंबरच्या थंडीत, मोसमाच्या अखेरीस व्हायचा. बाकीचे सामने हरलात तरी या एका विजयावर सगळा मोसम धुऊन निघायचा. २०२४ मध्ये तो १४ सप्टेंबरला ठेवला, आणि विद्यापीठाच्या आवारात नव्हे, सिॲटलमधल्या व्यावसायिक संघाच्या मैदानावर. वॉशिंग्टनच्या वेळापत्रकात वर्ग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरतात. म्हणजे सामना झाला तेव्हा पोरं होस्टेलवर यायचीच होती. ओरेगनची दोन विद्यापीठंही त्याच दिवशी भिडली, आणि तिथलेही वर्ग अजून सुरू व्हायचे होते. कोणी दंगा केला नाही, खुर्च्या मोडल्या नाहीत, घसे बसले नाहीत. प्रशासनाच्या दृष्टीने आदर्श लढत.

प्रवासाची तक्रार फुटबॉलवाले करणार नाहीत. त्यांना खास विमान असतं आणि परगावचे सामने पाच-सहाच. रडतात ती व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलची मुलं-मुली, ज्यांना मधल्या वारी कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला जाऊन परत सकाळच्या लेक्चरला बसायचं असतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींना हे विमानतळावर दिसत असेल. बिग टेनमधलं रटगर्स विद्यापीठ त्यांच्या बाजूलाच आहे. घड्याळात तीन तासांचा फरक पडतो. तिकडची दुपारी १२ ची सुरुवात यांच्या शरीराला सकाळी ९ ची. त्यावर उपाय नाही, पण 'विद्यार्थी-खेळाडूंचं हित' हा शब्द प्रत्येक पत्रकात दोनदा घाला.

आता जुन्या वैराच्या जागी नवं वैर लावायचं. इथे भलेभले आपटतात. मिशिगन आणि मिनेसोटा ज्या मातीच्या कुंजासाठी भांडतात, तो कुंजा १९०३ साली ३० सेंटला घेतलेला. मिशिगनवाल्यांना यजमानांच्या पाण्याची खात्री नव्हती म्हणून पाणी भरायला घेतला आणि तिथेच विसरला. आज दरवर्षी हमखास होणाऱ्या सामन्यांच्या बिग टेनच्या यादीत ही लढत नाही. याउलट कनेक्टिकटच्या प्रशिक्षकाने २०१५ मध्ये दीड हजारावर किलोमीटर लांबच्या सेंट्रल फ्लोरिडाला आपला वैरी म्हणून परस्पर जाहीर केलं. लढतीला श्लेष साधून नावही ठेवलं, चषक तयार. फक्त वैऱ्याला विचारलं नव्हतं. २०१६ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाने सामना जिंकला आणि चषक मैदानाच्या कडेलाच ठेवून बस पकडली. आता दोघं एका कॉन्फरन्समध्येही नाहीत.

घाबरू नका, मारलेलं वैर परत विकताही येतं. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम २०११ नंतर खेळले नाहीत. एकाच राज्यातले, पण कॉन्फरन्स वेगळी. टेक्सस एसईसीत आल्यावर ३० नोव्हेंबर २०२४ ला ते पुन्हा भिडले. टेक्सस १७-७ ने जिंकलं, आणि तिकिटं काय भावाने गेली ते विचारू नका. मधल्या १२ मोसमांत ए अँड एमवाले दर सामन्याला आपलं विद्यापीठगीत उभं राहून म्हणत होते. त्यातलं एक अख्खं कडवं टेक्ससची, म्हणजे त्यांच्या बोधचिन्हावरच्या लांब शिंगांच्या बैलाची, शिंगं कापण्याबद्दल आहे. समोर टीम कुठलीही असो, शिंगं टेक्ससचीच. तेव्हा गीतातली कडवी बदलायला हात लावू नका. फुकटची जाहिरात आहे ती.