नळी उन्हात वाळवा म्हणणाऱ्या भाऊसाहेबांस

‘मल्चिंगच्या रोलमधली जाड नळी म्हणजे शेतकऱ्याची लूट’ हा फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या साळ्याकडेच पोचला. हिंगणघाटजवळ त्याचं मल्चिंगची, म्हणजे वाफ्यावर अंथरायची प्लास्टिक फिल्म मोठ्या रोलवरून कागदी नळीवर गुंडाळून द्यायचं (रिवाइंडचं) छोटं काम आहे. आता गिऱ्हाईक रोलआधी नळीच दाबून पाहतात. फॉरवर्डमधलं ज्ञान असं: जाडी वजन मारायला ठेवतात, पातळ नळीही तेच काम करते, भिजली तर उन्हात वाळवा, आणि पीव्हीसी पाइप सगळ्यात भारी.

वजनाचं अर्धं खरं आहे, नाही म्हणत नाही. 3 इंची, 4 मिलिमीटर जाडीची, 1.2 मीटर लांब नळी पाऊण किलोच्या आसपास भरते, अन् काही जण ती फिल्मच्याच भावात तोलतात. मग निव्वळ वजन मागा ना! 1.2 मीटर रुंद, 400 मीटर लांब, 25 मायक्रॉन जाडीची फिल्म नळीशिवाय साधारण 11 किलो भरते. बरीच कमी भरली तर चोरी एकतर मायक्रॉनमध्ये आहे किंवा मीटरमध्ये.

आता उन्हाचं. हे लिहिणाऱ्यानं नळी कधी कापून पाहिली नसावी. क्राफ्ट कागदाच्या पट्ट्या गोंद लावून तिरप्या गुंडाळलेल्या असतात. चांगल्या नळीत ओलावा साधारण 8 टक्के. जुलैत टिनाच्या शेडात उघडी ठेवली तर ती न भिजताही हवेतलं पाणी पिते आणि नरम पडते. भिजलेली नळी उन्हात टाकली की वरची बाजू आधी आकसते, खालची ओलीच राहते. नळी केळीसारखी वाकते, पट्ट्या सांध्यावर सुटतात, तोंड अंडाकार होतं. अशी नळी मशीनच्या दांड्यावर (शाफ्टवर) चढतच नाही. ठोकून चढवली तर रोल थडथडतो, फिल्मची कड आतबाहेर जाते. वावरात बेडवर अंथरताना मजूर शिव्या घालतात त्या साळ्याला, फॉरवर्डवाल्याला नाही.

पातळ नळी? फिल्म ताणून गुंडाळतात, प्रत्येक थर नळीला आवळतो, कमजोर नळी त्यात चेपते. कागदी नळ्या तपासायच्या आयएसओ 11093 या आंतरराष्ट्रीय मानकाचा नववा भाग नळी आडवी दाबून किती भाराला चेपते हे मोजण्याचाच आहे, तिसरा ओलाव्याचा. सारख्या जाडीच्या दोन नळ्याही वेगवेगळ्या भाराला बसतात, कारण कागद अन् गोंद वेगळा. सप्लायरला हेच आकडे मागा. ‘माल एक नंबर आहे भाऊ’ एवढंच उत्तर आलं तर उठा तिथून.

पीव्हीसी मजबूत आहे, पण रिकामा पाइप परत येत असेल तरच परवडतो. वावरात गेलेला पाइप परत आलाय कधी, बाप्पा?