ऑप्टिकल वायर लावली की आवाज आला? तसं नसतंय ते

गणपती जवळ आले की बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो: ‘टीव्हीची ऑप्टिकल वायर रास्पबेरी पायला जोडा, जुने स्पीकर त्याच्या जॅकला लावा. डिजिटल असल्यानं आवाज जसाच्या तसा, उशीर शून्य.’ पाय म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, ऑप्टिकल वायर म्हणजे आवाज उजेडाच्या रूपात नेणारी वायर. जुने स्पीकर कामाला येतात, एवढं खरं. बाकीचं एकेक बघू.

‘पायला जोडा.’ कुठं? पायला ऑप्टिकलचं भोकच नाही. एचडीएमआय फक्त बाहेर देतं. पाय ४ चा जॅकही आवाज बाहेर देणाराच, आणि पाय ५ ला तर जॅकच नाही. म्हणजे ऑप्टिकल इनपुटवालं यूएसबी साउंड कार्ड आलंच. खडेबाजारात मागताना ‘इन’ आहे का बघून घ्या. बऱ्याच कार्डांना नुसतं ‘आउट’ असतं.

‘की आवाज आला.’ नाही येत. लिनक्सच्या, म्हणजे पायवर चालणाऱ्या सिस्टमच्या लेखी हे इनपुट म्हणजे माइकसारखंच: रेकॉर्ड करायचं सांगितल्याशिवाय ते ऐकत नाही आणि पुढं पाठवल्याशिवाय स्पीकर बोलत नाही. त्यासाठी एरेकॉर्ड (रेकॉर्ड करणारी कमांड) चा आवाज एप्लेला (वाजवणारी कमांड) द्यायचा, किंवा सरळ दोन्ही कामं करणारं अल्सालूप चालवायचं. एरेकॉर्डला काही न सांगता सोडलंत तर ते ८००० हर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने), ८ बिट, मोनो धरतं. टीव्ही बहुतेक ४८००० देतो, तेव्हा फॉरमॅट ‘डॅट’ सांगा. ‘सीडी’ म्हणजे ४४१००.

‘जसाच्या तसा.’ टीव्ही डॉल्बीवर (दाबून बांधलेल्या आवाजावर) असेल तर स्पीकरमधून नुसती खरखर, तीही कानठळ्या बसवणारी. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) करा, मग वायर लावा.

‘उशीर शून्य’ ही सगळ्यात मोठी थाप. एरेकॉर्ड आपणहून अर्ध्या सेकंदापर्यंतचा बफर (पुढं देण्याआधी आवाज साठवायची जागा) घेतं. बातम्या देणाऱ्याचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. अल्सालूपमध्ये हा उशीर कमी करता येतो, फार कमी केलात तर आवाज तुटतो. खरी मेख पुढंच आहे. टीव्ही आपल्या घड्याळानं नमुने पाठवतो, स्पीकरचं कार्ड आपल्या घड्याळानं वाजवतं. दोघांत दहा लाखांत ५० चा फरक धरला तरी तासाला ८६४० नमुने इकडचे तिकडं होतात. बफर हळूहळू भरतो नाहीतर रिकामा होतो, आणि ऐन आरतीत ‘टक्’! म्हणून अल्सालूपला नमुन्यांचा वेग जुळवून घ्यायला सांगावं लागतं. मेसेजमध्ये याचा पत्ताच नाही.

आणखी एक. खानापूरकडं पावसात लाइट जाते. आल्यावर पाय चालू होतो, पण टर्मिनलवर टाइप केलेली कमांड काही परत येत नाही. ती सिस्टमडीची (लिनक्स चालू होताना कामं आपोआप सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस करून ठेवा, आणि त्यात कार्डाचा नंबर न लिहिता नाव लिहा. रीस्टार्टनंतर नंबर बदलू शकतो.