निनावी महोदय, जिने मी मोजणारच

माझ्या ‘तारण दाखवलंय, पण किंमत कोणी ठरवली?’ या लेखावर परवा रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. सगळ्यांना संदर्भ लागावा म्हणून तिचा सारांश देतो. लेखातला एक हिशेब चुकला आहे. पी-टू-पी वर, म्हणजे लोकांनी लोकांना थेट कर्ज देण्याच्या ऑनलाइन कंपन्यांवर, मालमत्तेच्या तारणावर कर्ज देणं भारतात चालतच नाही, मग ठाण्यातल्या वाचकांना हे कशाला सांगायचं. पैसे पन्नास कर्जांत थोडे थोडे वाटले की एखाद्या मूल्यांकनाची चूक पचून जाते. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘पॅनलवरच्या व्हॅल्युअरने सही केलेला आकडा हा आकडा असतो, काका, तुम्ही जिने आणि पाण्याच्या टाक्या मोजत बसता ही तुमची पतसंस्थेतली जुनी सवय आहे.’

हिशेबाची चूक मान्य. 80 लाखांच्या घरावर 60 लाखांचं कर्ज म्हणजे 75 टक्के, मी 70 लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

भारतात चालत नाही हे मी त्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 4 ऑक्टोबर 2017 च्या निर्देशांपासून इथल्या पी-टू-पी कंपन्यांना फक्त विनातारण कर्जं जुळवून देता येतात. माझा लेख ब्रिटनमधल्या तारणी कर्जांबद्दल होता, कारण माझा भाचा लेस्टरला असतो, त्याने तिथे पैसे घातले आहेत आणि त्याच्या कर्जांचे व्हॅल्युएशन रिपोर्ट, म्हणजे तारणाच्या किमतीचे अहवाल, दोन वर्षं मी रविवारी सकाळी नौपाड्यात बसून वाचतो आहे. आपण दुसरा परिच्छेद न वाचता शेवटच्या परिच्छेदावर बोललात.

आता त्या वाक्याकडे येतो. ‘जुनी सवय’ हे शब्द मला लागले. लागले म्हणूनच हे उत्तर एवढं लांब होणार आहे.

मी ठाण्यातल्या एका पतसंस्थेत 22 वर्षं कर्ज विभागात होतो. पहिली आठ-नऊ वर्षं मी अगदी आपल्यासारखाच होतो. पॅनलवरचा, म्हणजे संस्थेच्या यादीतला, किंमत ठरवणारा व्हॅल्युअर, गोल शिक्का, फोटो, खाली सही. आकडा म्हणजे आकडा. 2011 साली नवी मुंबईतल्या दिघ्याच्या बाजूच्या एका फ्लॅटवर 11 लाखांचं कर्ज माझ्या शिफारशीने मंजूर झालं. रिपोर्टमध्ये किंमत 18 लाख, म्हणजे कर्ज जेमतेम 61 टक्के. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याच्या, रकान्यात लिहिलं होतं, ‘मागवले आहे’. तो रकाना मी वाचला होता. इमारत मी पाहिली नव्हती.

दोन वर्षांनी हप्ते थांबले. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेतला, नियम 107 ची जप्ती झाली, अपसेट प्राइसला, म्हणजे लिलावाच्या किमान किमतीला, उपनिबंधकांची मंजुरी आणली. तोवर दिघ्याच्या बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गाजायला लागलं होतं. पहिल्या लिलावाला कोणी आलं नाही. दुसऱ्याला दोघं आले, कागद चाळले आणि चहा पिऊन गेले. तिसऱ्यालाही कोणी नाही. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत एक वयस्कर सभासद उभे राहिले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, ‘साहेब, बिल्डिंग बघायला आपण स्वतः गेला होतात का?’ मी ‘नाही’ म्हणालो आणि खाली बसलो.

जिने मी त्यानंतर मोजायला लागलो. याला सवय म्हणायचं असेल तर म्हणा. पण जुनी, निरुपयोगी, म्हाताऱ्या माणसाची खोड अशा सुरात म्हणू नका. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून द्यायचं आहे.

जिन्यांत काय असतं तेही सांगतो, कारण ते आपल्याला खरोखरच माहीत नाही असं दिसतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला चौथा मजला कागदावर दुसऱ्या मजल्याच्या भावानेच धरलेला मी अनेकदा पाहिला आहे, पण लिलावात घेणारा तो भाव देत नाही. घोडबंदर रोडवर टँकरवर चालणाऱ्या सोसायटीचा मेंटेनन्स बघा आणि मग पाण्याची टाकी का बघायची ते मला विचारा. सोसायटीची थकबाकी किती? तीही शेवटी नव्या मालकाच्याच गळ्यात पडते. नवी मुंबईत जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क हवं. रिपोर्टमधल्या ‘बाजारभावा’तून हे कोणी वजा करत नाही. विकत घ्यायला आलेला माणूस मात्र वजा करूनच घेतो.

आणि क्षेत्रफळ. एकाच रिपोर्टमध्ये पान दोनवर कार्पेट (भिंतींच्या आतलं) 620 चौरस फूट आणि पान पाचवर हिशेबाला बिल्ट-अप (भिंतींसकट) 850, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दर कार्पेटचा, गुणाकार बिल्ट-अपशी. दहा हजारांचा दर धरा. 85 लाख किंमत, 55 लाख कर्ज, म्हणजे सुमारे 65 टक्के, सगळे खूश. खरी किंमत 62 लाख. मग तेच कर्ज जवळजवळ 89 टक्के होतं. शिक्का तोच, सहीही तीच. आजूबाजूचे खरे व्यवहार बघायचे तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, मोफत दिसते, तिच्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे रकाने असतात. त्यातला बाजारभाव मुद्रांक शुल्कासाठी सरकारी दराने काढलेला असतो. मोबदला बघा, आणि तोही एका नाही, त्याच इमारतीतल्या चार-पाच व्यवहारांचा.

‘आकडा हा आकडा असतो’ हे तर ब्रिटनची न्यायालयंसुद्धा मानत नाहीत. के/एस लिंकन विरुद्ध सीबी रिचर्ड एलिस या 2010 च्या निकालात न्यायाधीशांनी सांगितलं की साध्या घराच्या किमतीत पाच टक्के, एकमेवाद्वितीय मालमत्तेत दहा आणि फार वेगळं वैशिष्ट्य असेल तर पंधरा टक्के इकडेतिकडे झाले तरी व्हॅल्युअरचा हलगर्जीपणा ठरत नाही. म्हणजे अशा वेगळ्या मालमत्तेत पंधरा टक्के जास्त दाखवूनही तो निर्दोष. तुमचं 65 टक्क्यांचं कर्ज तेवढ्यानेच जवळजवळ 75 वर जातं.

आणि हलगर्जीपणा सिद्ध झालाच तर? यॉर्क मॉन्टेग्यूचं प्रकरण वाचा, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलेलं. मालमत्तेची किंमत लावली दीड कोटी पौंड, कर्ज दिलं एक कोटी दहा लाख. खरी किंमत निघाली पन्नास लाख, आणि 1994 मध्ये ती विकली गेली पंचवीस लाखांच्याही खाली. त्या निकालाने तत्त्व घालून दिलं की व्हॅल्युअर त्याने जितकी किंमत जास्त दाखवली तेवढ्यापुरताच जबाबदार, बाजार कोसळून त्याहून जास्त नुकसान झालं तर तो भार कर्ज देणाऱ्याचा. ही रक्कम देणारी मोठी संस्था होती, कोर्टात जायला तिच्याकडे वकील होते. माझ्या भाच्याचे एका कर्जात पाचशे पौंड आहेत. तो कोणावर खटला भरणार?

म्हणून मी त्याला पहिल्यांदा हेच विचारायला शिकवलं की कर्जाची टक्केवारी नेमक्या कोणत्या किमतीवर काढली आहे. त्याने पाठवलेल्या एका रिपोर्टमध्ये तीन किमती होत्या. आजची, 180 दिवसांत विकायची झाल्यास येणारी, आणि इमारत पूर्ण झाल्यावरची. गुंतवणूकदाराला दाखवलेलं 62 टक्के तिसरीवर होतं. इमारतीचा पाया अजून खणायचा होता. रिपोर्ट नियमात बसणारा, आरआयसीएस या व्हॅल्युअरांच्या ब्रिटिश संस्थेच्या ‘रेड बुक’ नियमावलीप्रमाणे केलेला, त्यात एक शब्द खोटा नाही. व्हॅल्युअरला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं. प्रश्न कर्ज घेणाऱ्याच्या सोयीचा होता.

राहिला पन्नास कर्जांत वाटण्याचा मुद्दा. मे 2019 मध्ये ब्रिटनमधली लेंडी ही पी-टू-पी कंपनी बंद पडली तेव्हा 16 कोटी पौंडांहून जास्त कर्जं बाकी होती, आणि तिथेही लोकांनी पैसे वाटूनच ठेवले होते. यावर मला जास्त बोलायचं नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो. आपण मला ‘काका’ म्हणालात. मायेने म्हणाला असतात तर आवडलं असतं. पण ते ‘तुम्हाला काय कळतंय’ याच्या जागी वापरलंत. मी माझ्या नावाने लिहितो, माझ्या चुका माझ्या नावावर आहेत, आत्ता वर एक मान्यही केली. तुम्हाला तुमचं नाव लिहावंसं वाटलं नाही. पतसंस्थांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या रिक्षावाल्याला आणि पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईला तुमची ती पॅनलवाली बँक दारात उभी करत नव्हती, त्यांना आम्ही कर्जं दिली आहेत आणि त्यांतली बहुतेक फिटलीही आहेत. ती घरं आम्ही जाऊन पाहिली होती.

तुमच्याकडे सध्या असलेल्या कुठल्याही कर्जाचा व्हॅल्युएशन रिपोर्ट उघडा. ‘तपासणी’ असा भाग असेल. तिथे तारीख असेल आणि मालमत्ता आतून पाहिली की नुसती रस्त्यावरून, हेही लिहिलेलं असेल. रिपोर्ट कोणाच्या सांगण्यावरून केला तेही पहिल्या-दुसऱ्या पानावर सापडेल. या तीन गोष्टी इथेच खाली लिहा. या वेळी नावासकट.